भुजंगप्रयातातील चार ओळी: वृत्त सांभाळू की आजीला?

मुठेकाठची

सर्वांना नमस्कार. मी गेल्या वर्षभरापासून वृत्तात लिहिण्याचा प्रयत्न करते आहे. खालील चार ओळी मी आमच्या लहानशा कवितागटात वाचून दाखवल्या, तेव्हा दोन अभिप्राय मिळाले आणि ते एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. त्यांतला कोणता मानावा हे मला ठरवता येत नाही, म्हणून येथे विचारते आहे.

पुराच्या खुणा त्या अजूनी घराला,
तिचा हात लागे जुन्या पत्थराला,
पुन्हा पायऱ्या मोजल्या रोज तीने,
तिचे घर बुडाले असे पावसाने.

थोडी पार्श्वभूमी सांगते. कविता माझ्या आजीवर आहे. पानशेतच्या पुराच्या वर्षी ती लग्न होऊन नुकतीच पुण्यात आली होती. आमचा वाडा नारायण पेठेच्या वरच्या अंगाला आहे. जोते दगडी असल्यामुळे तो टिकला. आजही खडकवासल्यातून पाणी सोडल्याची आणि भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली की आजी जिन्याच्या सातव्या पायरीवर जाऊन बसते, कारण त्या वर्षी पाणी सहाव्या पायरीवर थांबले होते. भुजंगप्रयात हे वृत्त निवडण्याचे कारणही तीच आहे. ती दिवेलागणीला याच वृत्तातले मनाचे श्लोक म्हणते आणि मी लहानपणापासून ती चाल ऐकत आले आहे.

गटातील एका सदस्यांचे म्हणणे असे की तिसऱ्या ओळीत वृत्त मोडले आहे, कारण ‘पायऱ्या’ या शब्दात ‘ऱ्या’ हे जोडाक्षर असल्याने त्याआधीचा ‘य’ लघू (एका मात्रेचा) न राहता गुरू (दोन मात्रांचा) होतो. चौथ्या ओळीतील ‘घर’ही त्यांना चालत नाही. दुसऱ्या सदस्या म्हणाल्या की वृत्त बरोबर असो वा चूक, त्यामुळेच कविता निर्जीव झाली आहे, तेव्हा ते सोडून मुक्तछंदात, म्हणजे वृत्ताच्या बंधनाविना, लिहावे. दोघांनीही मनापासून वेळ दिला याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण एकाचे ऐकले तर दुसऱ्याचे सुटते. कृपया स्पष्टपणे सांगावे.

लगक्रम

आधी मोजमाप पाहू, कारण त्यात मतभेदाला फारशी जागा नाही. भुजंगप्रयातात प्रत्येक चरणात चार ‘य’ गण, म्हणजे ‘लगागा’ची (एक लघू, दोन गुरू) चार आवर्तने आणि एकूण बारा अक्षरे येतात. तुमची तिसरी ओळ अशी फोडता येते: पुन्हा पा / यऱ्या मो / जल्या रो / ज तीने. येथे ‘य’ लघूच आहे. जोडाक्षरापूर्वीचे ऱ्हस्व अक्षर गुरू होते ते त्यावर उच्चारात आघात येत असेल तर. नुसते जोडाक्षर लिहिलेले दिसले म्हणून होत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या दऱ्या, हे दोन शब्द लागोपाठ मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यात ‘द’वर जोर येतो, दुसऱ्यात येत नाही, आणि म्हणूनच मराठीने हे दोन ‘र’ लिहितानाही वेगळे ठेवले आहेत. ‘पुन्हा’, ‘तुम्ही’, ‘उन्हाळा’ यांतही पहिले अक्षर लघूच राहते. त्यामुळे ‘पायऱ्या’वरचा आक्षेप मला मान्य नाही.

तरीही त्या सदस्यांचे ऐकू नका असे मी म्हणणार नाही. ते तिसऱ्या ओळीत अडखळले हे खरेच आहे, कारण ती ओळ वाचताना मीही अडखळलो, फक्त वेगळ्या जागी. शब्द ‘तिने’ असा आहे. तुम्ही तो ‘तीने’ असा लिहिला आहे, कारण तेथे गुरू हवा होता. कानाला ते लगेच खटकते. वाचक जेथे थांबतो ती जागा बहुधा खरी असते, पण थांबण्याचे जे कारण तो सांगतो ते खरे असेलच असे नाही. बहुतेकांना खटकलेले कळते आणि मग ते नियमांत कारण शोधू लागतात. अभिप्राय घेताना मी जागेवर खूण करतो आणि कारण मात्र स्वतः तपासतो.

‘घर’बद्दल बोलायचे तर अक्षरगणवृत्तात, म्हणजे जेथे अक्षरांची संख्या आणि लघुगुरूंचा क्रम ठरलेला असतो तेथे, हे दोन लघू एका गुरूच्या जागी बसवल्याने ओळीत तेरा अक्षरे झाली आहेत. मराठी गझलेत एका गुरूऐवजी दोन लघू घेण्याची मोकळीक सर्रास घेतली जाते आणि कानालाही ते गैर वाटत नाही, कारण आपण ‘घर्’ असाच उच्चार करतो. परंतु तुम्ही मनाच्या श्लोकांची चाल समोर ठेवून लिहीत आहात. त्या चालीत ही ओळ म्हणून पाहा. ‘घ’ आणि ‘र’ सुटे पडतात आणि चाल एक ठोका घाईने घेते.

मला यापेक्षा अधिक काळजी भरीच्या शब्दांची वाटते. पहिल्या ओळीतला ‘त्या’ कोणत्या खुणा दाखवतो? ‘अजूनी’ हे रूप आपण बोलताना वापरत नाही. जुन्या कवितेतून ते हाताशी येते आणि रिकामी जागा भरून देते. ‘असे’चेही तेच. बारा-बारा अक्षरांच्या चार ओळींत हे तीन शब्द काही काम न करता बसले आहेत. दुसऱ्या सदस्यांना कविता निर्जीव वाटली असेल ती वृत्तामुळे नव्हे, या शब्दांमुळे, असा माझा अंदाज आहे.

पेठकर

माझे बालपणही नदीकाठच्या पेठेत गेले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

चौथी ओळ मला स्वीकारता येत नाही आणि त्याचे कारण वृत्ताचे नाही. १२ जुलै १९६१ रोजी शहरात जे पाणी शिरले ते पावसाचे म्हणता येणार नाही. पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचेही धरण टिकले नाही, आणि ते पाणी मुठेच्या पात्राबाहेर पसरून पेठांमध्ये आले. आमच्या घरी मोठी माणसे ‘पूर आला’ असे क्वचितच म्हणत. ती ‘धरण फुटलं’ असे म्हणत. या दोन शब्दप्रयोगांत मोठे अंतर आहे. पाऊस कोणाच्या हातात नसतो, धरण मात्र माणसांनी बांधलेले असते. तुमच्या आजीच्या मनात जर हे अंतर असेल, आणि ते असणारच असे मला वाटते, तर ‘तीने’ला जुळणारे यमक मिळावे म्हणून आणलेल्या ‘पावसाने’ या एका शब्दाने ते पुसले जाते. शिवाय ते यमकही पुरते जुळलेले नाही. शेवटचा ‘ने’ तेवढा सारखा आहे.

‘पत्थर’ हा शब्दही असाच ‘घराला’च्या ओढीने आला आहे. आपल्या वाड्यांना दगड असतो, चिरा असतो. आजी त्याला पत्थर म्हणत असेल असे मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. तुम्ही स्वतःच लिहिले आहे की पाणी सहाव्या पायरीवर थांबले. म्हणजे घर बुडाले नाही, सहा पायऱ्या बुडाल्या. ‘आजी सातव्या पायरीवर जाऊन बसते, कारण त्या वर्षी पाणी सहाव्या पायरीवर थांबले होते’ हे तुमचे वाक्य वाचून मी काही वेळ पुढे वाचू शकलो नाही. चारही ओळींत मला असे कोठेही थांबावे लागले नाही. तुमची कविता पार्श्वभूमीत राहिली आहे, आणि जे ओळींमध्ये आले आहे ते पुराविषयी कोणीही लिहू शकेल असे आहे. ‘पायऱ्या मोजल्या’ असे म्हटले की आकडा हरवतो, आणि तुमच्या आजीचे सारे आयुष्य त्या आकड्यात आहे. सहा आणि सात.

ओळ कशी बदलावी हे मी मुद्दाम सुचवत नाही. एखाद्याने आपल्या शब्दांत दुरुस्त करून दिलेली ओळ नाकारणे संकोचाचे होते, आणि स्वीकारली तर ती पुढे कायम परकी वाटत राहते.

शब्दवेल्हाळ

मी त्या दुसऱ्या सदस्यांच्या बाजूची आहे, त्यामुळे ती बाजूही मांडली जावी असे वाटते. पेठकरांना भावलेले वाक्य गद्यातले आहे हे लक्षात घ्यावे. ‘कारण’ हा शब्द त्या वाक्याचा कणा आहे, आणि असा कार्यकारण जोडणारा शब्द लगागाच्या ठेक्यात आणला की तो ओढाताणीचा होतो किंवा गळून पडतो. मुक्तछंदात तुम्ही तेच वाक्य दोन-तीन ओळींत मोडून जसेच्या तसे ठेवू शकाल. मुक्तछंद म्हणजे सोपी पळवाट नव्हे. तेथे ओळ कोठे तोडायची याची जबाबदारी पूर्णपणे आपल्यावर येते. मी स्वतः अनेक वर्षे वृत्तात लिहिले आणि माझी वाक्ये ‘परी’, ‘तयाला’, ‘जरी का’ अशा शब्दांनी भरून गेली, म्हणून कळकळीने सांगते.

लगक्रम

शब्दवेल्हाळ यांचा ‘कारण’विषयीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पण येथे वृत्त केवळ सवयीने आलेले नाही. आजी मनाचे श्लोक म्हणते, म्हणजे ही चाल तिच्या तोंडची आहे. ज्या माणसाविषयी कविता आहे त्याच्याच तोंडच्या लयीत ती असावी हे मला योग्य वाटते, आणि तसे झाले तर ‘कारण’ न उच्चारताही दोन ओळी शेजारी ठेवून तो संबंध वाचकाला कळू शकेल.

याच शहरात १९२३च्या सुमारास रविकिरण मंडळाचे कवी रविवारी चहाला एकत्र जमून एकमेकांना कविता ऐकवत असत. माधव जूलियन त्यांच्यातलेच. मराठी छंदःशास्त्राचा सर्वांत पद्धतशीर अभ्यास ज्यांनी केला, त्यांत त्यांचे नाव आधी घ्यावे लागते. शास्त्राचा एवढा जाणकारही ऐकणाऱ्यांमध्ये बसत होता, हे मला फार मोलाचे वाटते. कागदावर लघुगुरूच्या खुणा करून झाल्यावर कोणाला तरी ओळ ऐकवावी आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. मुठेकाठची, तुम्ही या ओळी आजींना ऐकवल्या आहेत का?

मुठेकाठची

आपण सर्वांनी इतके बारकाईने वाचले, मला कसे सांगावे ते कळत नाही. मी आजीला त्या ओळी ऐकवल्या नव्हत्या. भीती वाटत होती. लगक्रम यांचा प्रश्न वाचून काल संध्याकाळी ऐकवल्या. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पाऊस कुठला गं? धरण फुटलं होतं.” पेठकर, हे अगदी आपलेच शब्द. तिने बाकी काहीच म्हटले नाही, पण ‘पत्थर’ म्हणताना माझी मलाच लाज वाटली.

शब्दवेल्हाळ यांच्या सूचनेप्रमाणे मी आधी मुक्तछंदातही लिहून पाहिले. वाक्य शाबूत राहिले, परंतु मोठ्याने वाचताना तो माझा आवाज होता, तिचा नव्हता. म्हणून पुन्हा भुजंगप्रयाताकडे वळले. चारही ओळी काढून टाकल्या आणि सध्या दोनच झाल्या आहेत:

नदी वाढली की बसे ती जिन्याशी,
सहावीस बोले, न बोले कुणाशी.

‘जिन्याशी’मधील ‘जि’ मी ‘जुन्या’तल्या ‘जु’प्रमाणे लघू धरला आहे, चूक असल्यास सांगावे. ‘सहावी’ म्हणजे पायरी हे पहिल्या ओळीतल्या जिन्यामुळे कळेल ना, की शाळेतली इयत्ता आठवेल? शिवाय यात धरण आलेले नाही आणि सातवी पायरीही आलेली नाही, याची रुखरुख आहे.

शब्दवेल्हाळ

‘जिना’ आधी आला असल्याने इयत्ता आठवत नाही. मुक्तछंदाचा आग्रह मी मागे घेते. ‘कारण’ हा शब्द नसूनही तो संबंध मला कळला. ‘ती’ हा शब्द मात्र अजून थोडा भरीचा वाटतो. आधीच्या कडव्यात आजीचा उल्लेख आला तर त्याची गरज उरणार नाही, आणि धरणालाही तेथेच जागा मिळेल.

पेठकर

लघूचे बरोबर आहे, तेथे आघात नाही. सातवीची रुखरुख बाळगू नका. ती बसली आहे आणि सहावीकडे पाहते आहे, म्हणजे ती सातवीवरच असणार.

मला विचारायचे आहे ते ‘सहावीस बोले’विषयी. ‘सहावीशी बोलणे’ म्हणजे संवाद. ‘सहावीस बोलणे’ म्हणजे मात्र तिला रागावणे, जसे आपण ‘सासू सुनेला बोलली’ म्हणतो. हे आपण जाणून केले आहे की मात्रा जुळवताना तसे झाले? दुसरे असेल तर ‘तीने’सारखीच ही ओढाताण ठरेल.

मुठेकाठची

जाणून केले आहे. आजी त्या पायरीला खरोखरच बोलते. पायरीवर हात आपटून म्हणते, “तेव्हा कशी गेलीस गं पाण्याखाली, एवढी दगडाची असून.”