मदत हवी आहे: बसून चालवायच्या गवतकापणी यंत्रासाठी २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल चालेल का?

जाणकारांना नमस्कार. आमच्या संस्थेच्या मैदानासाठी बसून चालवायचे, पेट्रोलवर चालणारे गवतकापणी यंत्र घेतले असून त्याच्या देखभालीची जबाबदारी माझ्याकडे आहे. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत १० टक्क्यांपेक्षा अधिक इथेनॉल असलेले पेट्रोल वापरू नये असे स्पष्ट लिहिले आहे; आपल्याकडील पंपांवर मात्र आता बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलच मिळते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि इंधन फार दिवस पडून राहिल्यास पाणी तळाशी साचून कार्बोरेटर, रबरी नळ्या व वायसर खराब होतात, एवढे मला ठाऊक आहे. अशा वेळी महाग असले तरी इथेनॉलविरहित पेट्रोल शोधावे, की हेच वापरून नळ्या अधिक वेळा बदलाव्यात? उन्हाळ्यात यंत्र बराच काळ उभे असते. तेव्हा टाकी व कार्बोरेटर पूर्ण रिकामे करणे बरे, की स्टॅबिलायझर (साठवलेले पेट्रोल खराब होऊ न देणारे रसायन) घालून टाकी भरून ठेवणे?

दुसरी शंका इंधन भरण्याची. इंजिन थंड झाल्यावर, उघड्यावर, कॅन जमिनीवर ठेवून भरायचे आणि टाकीत प्रसरणासाठी जागा सोडायची, हे आम्ही पाळतो. (चालकाला विडी विझवायला लावणे हे त्याहून अवघड काम.) परंतु टेम्पोच्या प्लॅस्टिक अंथरलेल्या हौद्यात ठेवलेल्या कॅनमध्ये स्थिर विद्युतभार साचतो, म्हणून पंपावर कॅन खाली उतरवूनच भरावा लागतो; शिवाय पंपचालक प्लॅस्टिकचा कॅन नाकारतात. धातूचा, ठिणगीरोधक जाळी असलेला खात्रीचा कॅन कोठे मिळेल?