‘काही होत नाही’ असं मुलांना सांगणं थांबवा

वाशिष्ठीकाठची

आधी मत सांगते, मग तुटून पडा. पावसाला, पुराला, उन्हाच्या बातम्यांना घाबरलेल्या मुलाला ‘काही होत नाही’ म्हणणारे आईबाप त्याला धीर देत नसतात, प्रश्न टाळत असतात. आणि मुलांना ते बरोबर कळतं.

आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला लागलं, तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. आता पाचवीत आहे. तिला त्यातलं स्वतःचं किती आठवतं आणि आमच्या बोलण्यातून किती भरलंय, देव जाणे. पण रात्री पाऊस धरला की ती दप्तर आणि रंगपेटी माळ्यावर टाकते, मगच झोपते. सासरे म्हणतात, २००५ लाही पूर आला होता, तेव्हाही उभे राहिलोच ना. त्यावर ती विचारते, “म्हणजे परत येणार ना?” की मग टीव्हीचा आवाज वाढतो.

मी तिला खरं ते सांगते. पाऊस पूर्वीसारखा पडत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर एकदम कोसळणाऱ्या पावसाचे प्रसंग तिपटीने वाढले. तिप्पट म्हणजे काय ते पाचवीतल्या मुलीला कळतं. हेही सांगते की पूर नुसत्या पावसाने येत नाही, नदीत गाळ साचला होता, धरणाच्या पाण्यावरून तर अजून भांडणं आहेत. आणि मुख्य म्हणजे, त्याच वर्षी डिसेंबरात गावातली माणसं गाळ काढा म्हणून साखळी उपोषणाला बसली आणि नंतर नदीत पोकलेन उतरले. ते काम बघायला तिला मुद्दाम घेऊन गेले होते. रेशनकार्ड, दाखले, पासबुकं असलेली प्लास्टिकची पिशवी जून लागला की तिच्या ताब्यात असते. दप्तर अजूनही माळ्यावर जातं. पण आता ती विचारताना रडत नाही, भांडते.

कोणाला चुकीचं वाटत असेल तर बोला.

कृष्णाकाठ

चुकीचं वाटतं. स्पष्ट बोलतो, राग नसावा ताई.

आम्ही सांगलीचे. मुलगा २०१९ ला सहा वर्षांचा होता. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. इशारा पातळी ४०, धोका ४५. हे आकडे त्याला पाढ्यांच्या आधी पाठ झाले, कारण पुराच्या दिवसांत सांगलीत प्रत्येक घरात दुसरं बोलणंच नसतं. आता तेरा वर्षांचा आहे. पाणी ३० वर गेलं की जेवण कमी. ३५ ला झोप गेली. अजून गल्लीत थेंब नाही आणि पोरगं आजारी.

तुम्ही म्हणता खरं सांगा. खरं त्याला तोंडपाठ आहे, त्याचं ओझंच तर झालंय. म्हणून मी पावसाळ्यात घरातल्यांचे सगळे ग्रुप म्यूट करायला लावले. बातम्या बंद. पाणी किती चढलं हे बघणं बापाचं काम आहे, पोराचं नाही. दहा वर्षांच्या पोरीच्या ताब्यात घराची कागदपत्रं दिलीत, उद्या पिशवी राहिली तर ती आयुष्यभर स्वतःला बोल लावत बसेल.

जुनंखोड

वरचं सगळं वाचलं. आम्ही ७२ च्या दुष्काळात सुकडी खाल्ली आणि मिलोच्या भाकरीही खाल्ल्या. ६१ साली पानशेत फुटलं तेव्हा आमच्या मावशीचं नारायण पेठेतलं घर गेलं, मावसभावंडं शाळेत जाऊन राहिली. कोणी त्यांच्या भावना विचारल्या नाहीत. सगळी व्यवस्थित नोकऱ्या करून निवृत्त झाली. आपण मुलांना फुलासारखं जपतोय आणि वर म्हणतोय, बघा कशी कोमेजतात.

खडूफळा

जुनंखोड, कोणी विचारलं नाही म्हणजे काही झालं नाही असं कसं? माझे वडील पानशेतच्या वेळी नऊ वर्षांचे होते. सत्तरीतही नदीकाठचा फ्लॅट नको म्हणाले. कारण विचारलं तर “दमट असतं” एवढंच.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, तर शाळेची बाजू सांगते, आणि ती काही फार भूषणावह नाही. एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. हेतू उत्तम. वर्गात पोचेपर्यंत त्याची चित्रकला स्पर्धा झाली. दरवर्षी तेच चित्र, तोंडात थर्मामीटर धरलेली, घाम गाळणारी पृथ्वी, आणि खाली ‘मला वाचवा’. आठ वर्षांच्या मुलाला आपण सांगतो की दात घासताना नळ बंद कर, नाहीतर पृथ्वी मरेल. एका मुलाने मला विचारलं, “बाई, मी काल नळ चालू ठेवला होता, त्याने पूर येतो का?” तो गंमत करत नव्हता.

भीती एकवेळ परवडली. हा जो अपराधभाव आपण मुलांच्या डोक्यात घालतो, तो मला जास्त घातक वाटतो. धाग्यातल्या ताईंनी गाळ आणि उपोषण दाखवलं, ते म्हणूनच आवडलं. त्यात निदान दोष मुलीचा नाही, आणि मोठी माणसं काहीतरी करताना दिसतात.

बालाघाटी

तुमचं वाचून हसावं का रडावं कळंना. आमच्याकडं लेकराला हवामानबदल कोणी समजावून सांगत नाही. लेकरू आभाळाकडं बघतच नाही, बापाच्या तोंडाकडं बघतं. बाप गप झाला की समजायचं, गेलं पीक.

२०१४ ला फेब्रुवारी-मार्चात गारपिटीनं हरभरा, गहू, द्राक्षं झोडपून काढली. मग दुष्काळ. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. कृष्णाकाठ, तुमच्याकडं जास्त झालं म्हणून लेकरू जेवंना, आमच्याकडं नाही म्हणून. माझी पुतणी तेव्हा आठवीत होती. टँकरच्या रांगेत घागर लावून पुस्तक वाचायची. पाण्याची भीती वाटते का म्हणून तिला कोणी विचारलं असतं तर म्हणाली असती, पाण्याची नाही, सावकाराची.

आता खरं विचारायचं ते असं. लेकरासमोर कर्ज बोलायचं का नाही? दसऱ्यानंतर आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर जातात, लेकरं आजीपाशी राहतात, त्यांना किती सांगायचं? ते सोडून पृथ्वीचं काय घेऊन बसलात. पृथ्वीला थर्मामीटर लावा नाहीतर काही लावा, आमच्या घरात भीतीचा आकडा पीककर्जाच्या सोसायटीच्या नोटिशीवर लिहिलेला असतो.

अबोली

मी मानसशास्त्र शिकवते. इथे दोन-तीन गोष्टी एकत्र कालवल्या जात आहेत.

पुरातून गेलेलं मूल आणि पुराबद्दल ऐकलेलं मूल यांची भीती एक नसते. चिपळूणची मुलगी दप्तर उचलते तेव्हा ती भविष्याची चिंता करत नाही, शरीराला जे आठवतं ते करते. कृष्णाकाठ, तुमचा मुलगा जेवत नाही, झोपत नाही, हे दर पावसाळ्यात होत असेल तर ग्रुप म्यूट करून भागणार नाही. मुलांच्या मनाच्या डॉक्टरांना दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरं, या विषयावर ज्या सर्वेक्षणाचा सगळीकडे हवाला दिला जातो ते ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मधलं, २०२१ चं. भारतासह १० देश, १०,००० तरुण. ५९ टक्के म्हणाले फार किंवा अतिशय काळजी वाटते. ४५ टक्क्यांहून जास्त जण म्हणाले रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. पण वय बघा, १६ ते २५. ते आकडे पाचवीच्या मुलांवर चिकटवू नका.

लहान मुलांबद्दल मला स्वीडनच्या मारिया ओयाला यांचं काम उपयोगी वाटतं. त्यांनी बारा वर्षांच्या मुलांना विचारलं की या काळजीचं तुम्ही काय करता. काही जण विषय उडवून लावत होते, ती मुलं पुढे काही करण्यातही मागे होती. काही जण ‘मीच काहीतरी केलं पाहिजे’ म्हणून झटत होते. ही मुलं उत्साही, पण जास्त खिन्नही. काळजी खरी आहे हे मानून, मोठ्यांवर, विज्ञानावर थोडा विश्वास टाकणारी मुलं त्यातल्या त्यात बरी होती. म्हणजे ‘काही होत नाही’ हेही नको आणि ‘तुझ्या हातात आहे सगळं’ हेही नको. पिशवीबद्दल मी कृष्णाकाठांच्या बाजूने आहे. तिने पिशवी आठवण करून द्यावी, जबाबदारी मोठ्यांची.

बालाघाटी, तुमच्या प्रश्नावर माझ्याकडे पुस्तकी उत्तर नाही. रक्कम सांगू नका, पण ‘यंदा पैशाची ओढ आहे, शाळा सुटणार नाही’ एवढं सांगता येतं का बघा.

बालाघाटी

शाळा सुटणार नाही हे सांगायला बापाला तरी ते माहीत पाहिजे ना ताई.

बेएरियातला_बाप

आमच्या घरचं वेगळंच. ९ सप्टेंबर २०२० ला इथे कॅलिफोर्नियात वणव्यांच्या धुराने दिवसा आभाळ नारिंगी झालं होतं, दुपारी दिवे लावून बसलो होतो. लेक नऊ वर्षांची होती. तिने विचारलं, आम्ही धागाकर्तीसारखंच सगळं खरं सांगितलं. आता ती पंधराची आहे आणि म्हणते, दरवर्षी पुण्याला विमानाने जायचं नाही. हिशेब करून दाखवते. इथून मुंबईला एका माणसाच्या जाण्यायेण्याचं उत्सर्जन भारतातल्या सरासरी माणसाच्या वर्षभराच्या उत्सर्जनाइतकं, खरं तर जास्तच. आकडा बरोबर आहे, म्हणून तर पंचाईत.

आई माझी ऐंशीची. फोनवर विचारते, “पोरगी का येत नाही?” काय सांगू?

जुनंखोड

सांगा की नातीने तुमचा कार्बन मोजला आणि तुम्ही शिलकीत बसला नाहीत. बघा, ‘खरं सांगा’चं पीक असं येतं.

खडूफळा

जुनंखोड, आजीचं वाईट वाटतं हे कबूल. पण पंधराव्या वर्षी स्वतःला पटलेली गोष्ट गैरसोयीची असूनही पाळणारी मुलगी घरात आहे, तिला कुजकं बोलून काय मिळणार? बापूसाहेब, तिच्याशी सौदा करा. दोन वर्षांतून एकदा या, पण दोन महिने राहा. आजीलाही धावत्या तीन आठवड्यांपेक्षा ते आवडेल.

बेएरियातला_बाप

दोन महिने रजा कोण देतो! लेकीला एकटीला पाठवता येईल, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. विचारतो तिला. आईची अट एकच असेल, भाज्या निवडायला बसायचं.

वाशिष्ठीकाठची

अबोलीताई, शरीराला आठवतं ते पटलं. पिशवीचं नाही पटलं. कोकणातल्या घरात दहा वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळते, दुकानातून उधारी लिहून सामान आणते, तेव्हा कोणाला ओझं वाटत नाही. पुरातच एकदम ती फुलासारखी होते?

माझ्यापुढे सध्याचा पेच वेगळाच आहे. पूररेषेचा नकाशा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. आमचं घर दोन्हींच्या मध्ये. घरात या रेषांवरून रोज बोलणं चालतं, बांधकामाची परवानगी, घराची किंमत, विकायचं का. मुलगी दाराआडून ऐकते. यांचं म्हणणं, नकाशा तिला दाखवायचा नाही. मी म्हणते, अर्धवट ऐकण्यापेक्षा समोर बसवून दाखवू. कृष्णाकाठ, तुम्ही ग्रुप म्यूट केलेत, पण तेरा वर्षांचा मुलगा पाण्याची पातळी स्वतः शोधू शकत नाही का?

कृष्णाकाठ

शोधतो. मला माहीत आहे. शाळेतून येताना पुलावरून बघूनही येतो.

अबोलीताई, डॉक्टरांचं बघतो. घरात आईला पटवायला लागेल, बघू.

नकाशाचं माझं मत असं. दाखवा, पण आधी तुम्ही नवराबायकोनी ठरवा की विकणार का राहणार. ठरलं नसताना पोराला कशात घेऊ नये. मी मुलाशी पुरावर गप्पा मारत नाही, पण त्याला एक गोष्ट पक्की सांगून ठेवली आहे. आयर्विनला ३८ झालं की आपण वाट बघणार नाही, गाडीत बसायचं आणि मिरजेला आत्याकडे. सामान मी भरणार, आजीला मी उचलणार, त्याने फक्त मांजर घ्यायचं. गेल्या पावसाळ्यात तेव्हापासून जरा जेवला.

वाशिष्ठीकाठची

अहो मग मांजर म्हणजे माझी पिशवीच झाली की!

कृष्णाकाठ

नाही. मांजर राहिलं तर आपलं आपण पत्र्यावर चढतं. रेशनकार्ड चढत नाही.

जुनंखोड

एक शंका. पुरात मिरज तरी कोरडी राहते का?

कृष्णाकाठ

नदीकडचा भाग नाही राहत. आत्याचं घर स्टेशनकडे आहे.