विनोदी चरित्रातला गिटारवाला: तांत्रिक चुका काढून द्या

गंगापूर रोडकर:
मंडळी, कालिदास कलामंदिरातल्या कार्यक्रमात वाचायला आमच्या बँडच्या गिटारवाल्याचं काल्पनिक, विनोदी चरित्र लिहितोय. नायक तारानाथ, जन्म पंचवटीचा. जाणकारांनी हे प्रसंग तपासून द्यावेत. जानेवारीत उघड्या मैदानावर थंडीने त्याच्या गिटारचा सूर उतरतो. ऐन गाण्यात सहावी, जाड तार तुटते आणि उरलेल्या पाचांवर तो गाणं निभावून नेतो. अँप (अँप्लिफायर) गुणगुणतो, पण त्याने तारांवरचा हात काढला की गप्प होतो. काकांनी त्याला 1950 साली हंबकर पिकअपची (तारांची कंपनं टिपणाऱ्या, गुणगुण दाबणाऱ्या जोड-कॉइलची) गिटार आणून दिली, असंही आहे. चालेल?

सहावी तार:
थंडीत गिटारचा सूर उतरत नाही, चढतो. पोलादी तार गार झाली की आकसते, मानेचं लाकूड त्या मानाने फारच कमी. मग ताण वाढतो. स्टेजच्या दिव्यांखाली तारा तापल्या की उलटं होतं. म्हणजे तारानाथ उबदार खोलीतून बाहेर आला की चढलेला आणि दिव्यांखाली उभा राहिला की उतरलेला. तुमचा प्रसंग यानेच जास्त रंगेल. त्याला एक नेहमीची चूकही करू द्या: चढलेली तार सैल करत थेट सुरावर आणून थांबणं. खुंटीच्या दात्यांत आणि नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत ढील राहते, पहिल्याच बेंडला (तार बोटाने ओढून स्वर चढवताना) स्वर घसरतो. सुराच्या खाली उतरून मग वर चढत यायचं, ही खरी रीत.

ब्रिजवाला:
जाड तार क्वचितच तुटते. पहिली तुटते, 0.010 इंचाची, म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर, सहावी 0.046 ची असते. तुटते बहुधा ब्रिजच्या (गिटारच्या अंगावर तारा टेकतात त्या भागाच्या) सॅडलवर, म्हणजे तारेच्या टेकूवर, जिथे ती वाकते. तिथे बारीक धार असेल किंवा घामाने गंज धरला असेल, तर नवी तारही तिथेच जाते. बारीक पॉलिश पेपरने धार मोडून खाचेत पेन्सिलीचं शिसं फिरवलं की निभतं.
आता खरी गंमत. त्याच्या गिटारला तरंगता ट्रेमोलो ब्रिज द्या, म्हणजे दांडीने हलवून स्वर वरखाली करता येतो तो. तिथे एका बाजूला तारांचा ताण आणि दुसऱ्या बाजूला मागच्या स्प्रिंगा तोललेल्या असतात. एक तार गेली की स्प्रिंगा जिंकतात, ब्रिज मागे ओढला जातो आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. त्यामुळे 'पाचांवर निभावलं' हे फक्त पक्क्या ब्रिजवर खरं ठरेल.

अर्थिंगदादा:
गुणगुण उलटी लिहिलीय. तारा ब्रिजमार्गे अर्थिंगला जोडलेल्या असतात. हात ठेवला की वादकाचं अंगही अर्थ होतं आणि आवाज कमी होतो. काढला की वाढतो. तेव्हा टाळ्या स्वीकारायलाही तारानाथला हात उचलता येऊ नये! तुम्ही लिहिलंय तसं घडायचं असेल, तर ब्रिजची अर्थ वायर तुटलेली किंवा जॅकची जोडणी उलटी दाखवा. सिंगल कॉइल (एकाच कॉइलच्या) पिकअपची 50 हर्ट्झची, म्हणजे घरच्या विजेची गुणगुण मात्र हाताने जात नाही. गिटार अँपपासून दूर नेऊन थोडी फिरवली की घटते.
हंबकर गिब्सन या गिटार कंपनीच्या सेठ लव्हरने 1955 मध्ये बनवला, आणि तो बसवलेल्या गिटारी 1957 मध्ये आल्या. काकांचं साल पुढे ढकला, 1957 नंतर कुठेही.
आणि एक विनंती. गुणगुण घालवायला प्लगची अर्थ पिन कापायचा विनोद घालू नका. तारांवर हात असताना माइकला ओठ लागला की बसणारा शॉक जिवावर बेतू शकतो, आणि ऐकणाऱ्यांतला एखादा नवशिका तो उपाय घरी करून बघेल.

गंगापूर रोडकर:
पिनचा विनोद मसुद्यात होता, आत्ताच काढला. तरंगता ब्रिज घेतोय.