१/३५ टी-५५: पितळी मडगार्ड उचलतात, सुपरग्लू पांढरा पडतो

गिरगाव_३५
१९७१ चा भारतीय टी-५५ रणगाडा करतोय, १/३५ प्रमाणातलं प्लास्टिकचं मॉडेल. फोटोएच (रसायनाने कोरलेल्या पातळ पितळी पत्र्याचे) मडगार्ड, तोफेची अ‍ॅल्युमिनियमची नळी आणि रेझिनची चाकं वेगळी घेतली आहेत. मडगार्ड सुपरग्लूने लावले की कडेला पांढरी भुकटी बसते आणि दोनेक दिवसांत टोकं उचलतात. मुंबईच्या पावसाळ्यामुळे का? सोल्डरिंगच करावं लागेल? नळी बसवताना काय बघायचं?

पितळेवाला
भुकटी दमटपणामुळेच. ग्लूची वाफ हवेतल्या ओलाव्याशी मिळते आणि आसपास बसते. ग्लू जास्त तर भुकटी जास्त. बाटलीतून थेट लावू नका. जुन्या झाकणात थेंब काढून सुईच्या टोकाने न्या. बसलेली भुकटी पुसून घ्या, उरलेली प्रायमरखाली झाकली जाते.

टोकं उचलण्याचं कारण वेगळं आहे. पितळ गुळगुळीत, त्यावर हाताचं तेल, आणि पत्र्याला स्प्रिंग. सुपरग्लू सरळ ओढ सोसतो, टोकाकडून सोलायला लागलं की सुटतो. भाग कापून काढण्याआधी, पत्र्याच्या फ्रेमवर असतानाच मागची बाजू ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, भांड्यांच्या साबणाने धुवा, मग बोट लावू नका. सुपरग्लूचे दोन-तीन ठिपके फक्त जागेवर धरायला, बाकी लांबीभर साधं, हळू सुकणारं अ‍ॅराल्डाइट, आणि रात्रभर दाब.

प्लास्टिकचा मडगार्ड ठेवून त्यावर पितळ चिकटवणं मला पटत नाही. १ मिमी प्लास्टिक म्हणजे प्रत्यक्षात ३५ मिमी जाडी! ०.१५ मिमीचा पत्रा सव्वापाच मिमी होतो, तो पत्र्यासारखा दिसतो. म्हणून मूळ मडगार्ड कापून काढा. सोल्डरिंग फक्त पितळ-पितळ जोडांना, म्हणजे पेट्या आणि ब्रॅकेट, तेही प्लास्टिकवर लावायच्या आधी. नंतर फ्लक्स (सोल्डर धरायला लावतात ते रसायन) नीट धुवा, नाहीतर रंगाखाली पितळ हिरवं पडतं.

कानसपट्टी
वरच्याला जोड. पुढचे-मागचे वळणदार तुकडे आधी गॅसवर तापवून मऊ करा: रंग बदलला की लगेच बाहेर, स्वतःहून गार होऊ द्या. जास्त तापवलं तर बारीक भाग वितळतो. सरळ लांब पट्ट्या तापवू नका, त्यांना लगेच पोचे पडतात. घडीची कोरलेली रेघ बहुधा आतल्या बाजूला येते, पण सूचनापत्रक बघा. एकदाच वाकवा, मागे-पुढे केलं की रेघेवरच तुटतं.

रेझिनची चाकं कोमट साबणपाण्यात घासून घ्या, साच्याचं तेल राहिलं तर रंग सुटतो. रेझिन थोडं आकसतं, त्यामुळे आसाचं भोक कोरडं बसवून बघा. घासताना पाणी वापरा आणि मास्क लावा, ती पूड फुफ्फुसात जाऊ नये. प्लास्टिक सिमेंट, म्हणजे किट जोडायचा ग्लू, रेझिनवर चालतच नाही.

गिरगाव_३५
आभारी आहे. नळीचं राहिलं.

शंभरमिमी
किटची नळी मुळाशी कापा, भोक लहान ड्रिलपासून टप्प्याटप्प्याने मोठं करा. एकदम मोठं ड्रिल घातलं तर ते कडेला सरकतं. इथेही अ‍ॅराल्डाइटच, म्हणजे वरून आणि बाजूने सरळ करायला वेळ मिळतो. किटचा वर-खाली होणारा सांधा धातूच्या वजनाने सैल पडतो, त्यामुळे कोन ठरवून आतून पक्का करा.

तुमच्या विषयात मोठी गोष्ट निराळी. १९७१ मध्ये भारतीय टी-५५ वर नळीच्या मध्यावर नकली फ्यूम एक्स्ट्रॅक्टर (नळीतला धूर काढणारा फुगीर भाग) बसवलेले होते, आपले रणगाडे वेगळे ओळखता यावेत म्हणून, कारण पाकिस्तानचा टाइप-५९ रणगाडा दुरून सारखाच दिसतो. बाजारातली नळी टोकाला खरा एक्स्ट्रॅक्टर देते, मधला नाही. पातळ प्लास्टिक शीट नळीभोवती गुंडाळून तो उभारा. लांबी-जाडी फोटोतल्या टोकाच्या एक्स्ट्रॅक्टरशी ताडून काढा. १०५ मिमी तोफेची नळी घेतली असेल तर ती या गाडीला लावू नका, ती नंतर आली.

धातूवर आधी मेटल प्रायमर. झड लागली असताना लॅकर मारू नका, पांढुरका पडतो.