मदत हवी आहे: सामायिक लिनक्स सर्व्हरवर कोणी काय बदललं, ते कसं कळेल?

मंडळी, इंदूरला विजयनगरात आमचं छोटं ऑफिस आहे. उबुंटू २२.०४चा एकच सर्व्हर आणि त्यात हात घालणारे आम्ही चौघं, एक जण पुण्याहून. भंवरकुआंकडच्या एका क्लासचे प्रवेश-अर्ज त्यावरच भरले जातात. सोमवारी पालकांचे फोन सुरू झाले, मार्कशीट अपलोड होत नाही, ४१३ एरर, म्हणजे फाइल मर्यादेपेक्षा मोठी. पाहतो तर एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगमधली (सेटिंगच्या फाइलमधली) अपलोडची मर्यादा वाढवणारी ओळच गायब, म्हणजे परत मूळची १ एमबी. ओळ कोणी काढली? चौघांचंही उत्तर एकच, "मी नाही बुवा."

फोल्डरमध्ये ‘ओल्ड’, ‘ओल्ड२’, ‘चालू’, ‘हात लावू नये’ अशा शेपट्या लावलेल्या फायलींची जत्रा आहे. सगळे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या एकाच पासवर्डनं शिरतात, तेव्हा लॉग बघून उपयोग शून्य. बदल केला की व्हॉट्सॲपवर लिहायचं ठरलं होतं, ते आठवडाभरही टिकलं नाही.

इटीसी फोल्डर (सर्व्हरची कॉन्फिग त्यातच असते) साध्या गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात टाकू, की त्याच फोल्डरसाठी गिटवर चालणारं एटकीपर लावू? कृपया अन्सिबल (अनेक सर्व्हरची कॉन्फिग एकत्र सांभाळणारं साधन) सुचवू नका, एका सर्व्हरसाठी तेवढा संसार मांडायचा नाही.

प्रतिसाद १: एटकीपरच. गिट फाइलची मालकी आणि बहुतेक परवानग्या नोंदवत नाही, एटकीपर त्या वेगळ्या जपून ठेवतं. एपीटीनं (उबुंटूच्या इन्स्टॉलरनं) पॅकेज टाकण्याआधी आणि नंतर कमिटही, म्हणजे बदलांची नोंद, आपोआप होतं. रोजचं ऑटोकमिट चालू राहू द्या. त्यात काही सापडलं, तर कोणीतरी न सांगता हात मारला असं समजा. आणि ही रेपो (नोंदींचा साठा) बाहेर कुठेही पुश करू नका (पाठवू नका), शॅडो फाइलमधले पासवर्डांचे हॅश (सांकेतिक रूपं) त्यात असतात.

प्रतिसाद २: रूट सगळ्यांचा असेपर्यंत हे अर्धवटच. प्रत्येकाला वेगळं खातं आणि सुडो (आपल्याच खात्यातून रूटचे अधिकार वापरायची सोय) द्या, म्हणजे कमिटवर माणसाचं नाव येईल. एनजिनएक्सच्या फोल्डरवर ऑडिटडी या नोंद ठेवणाऱ्या सेवेचा पहारा बसवा. लॉगिन करताना चिकटलेली ओळख सुडो केल्यावरही त्यात तशीच दिसते. वापरकर्त्यांचे क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या याद्या) मात्र इटीसीबाहेर असतात, ते एटकीपरला दिसत नाहीत.

धागालेखक: पुणेकर विचारतोय, रूट लॉगिन बंद केलं आणि सुडोतच घोळ झाला तर?

प्रतिसाद २: रूट लॉगिन फक्त एसएसएचवरून, म्हणजे दुरून शिरण्याच्या वाटेवरून बंद करा. नवा रूट पासवर्ड एकाकडेच, होस्टिंगवाल्याच्या कन्सोलसाठी. सुडोची फाइल चूक तपासणाऱ्या विसुडोनंच उघडा आणि नवीन खात्यातून सुडो चालल्याशिवाय जुनं सेशन बंद करू नका.