मदत हवी आहे: इंदुरात स्मॅक (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइन) ओढणाऱ्याला ब्युप्रेनॉर्फिन (हेरॉइनऐवजी देतात ती जिभेखालची गोळी) कुठे मिळेल?

भाचा, वय 24. दोन वर्षं रोज ब्राउन शुगर, पन्नीवर ओढतो, सुई नाही. दारू, झोपेच्या गोळ्याही नाहीत.

दोनदा घरीच सोडवून पाहिलं. आठ-दहा तासांत जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, मग जुलाब, रात्रभर पाय झाडणं. तिसऱ्या दिवशी दोन्ही वेळा पळाला. पुन्हा ते नको: खंड पडला की शरीराची सवय मोडते, मग जुन्याच मात्रेने श्वास थांबू शकतो. नाल्ट्रेक्सोनला (नशेचा परिणाम अडवणारं औषध) आधी 7-10 दिवस पूर्ण बंद लागतं, तेही जमणार नाही.

ओएसटी केंद्रं (नशेऐवजी रोज पर्यायी औषध देणारी) मुख्यतः सुई घेणाऱ्यांसाठी. तो तयार आहे, पण सराफ्यात कामाला. सकाळी दहाच्या आतच जमेल. ओढणाऱ्यालाही रोज जिभेखालची गोळी समोर देणारं सरकारी केंद्र इंदुरात कोणतं? आणि घरी ठेवायला नालोक्सोन (जास्त मात्रेने श्वास थांबला तर देण्याचं औषध) कुठल्या चिठ्ठीवर मिळेल?