गावातलं ख्रिस्ती रेडिओ केंद्र दिवस मावळला की बंद का व्हायचं?

सदरवाला (नागपूर)
चर्चच्या नाताळ अंकासाठी अमेरिकेतल्या एका छोट्या गावातल्या ख्रिस्ती रेडिओ केंद्राचा इतिहास मराठीत लिहायचा आहे. नोंदींच्या झेरॉक्स हाताशी आहेत, पण गाडी अडते. '१४६० किलोहर्ट्झ, १ केडब्ल्यू-डी' यातला 'डी' कशाचा? केंद्र डिसेंबरात पावणेपाचला बंद व्हायचं आणि जूनमध्ये साडेसातला, असं का? आणि स्थापनेची तीन वेगवेगळी वर्षं सापडतात, त्यातलं कुठलं धरायचं?

तांब्याची_तार
केडब्ल्यू म्हणजे किलोवॅट, ट्रान्समीटरची ताकद; 'डी' म्हणजे डे, दिवसा. हे 'डेटाइमर' केंद्र होतं, म्हणजे परवाना फक्त सूर्योदय ते सूर्यास्त.

कारण आकाशात आहे. दिवसा आयनांबराचा, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, खालचा 'डी' थर (परवान्यातल्या 'डी'शी याचा संबंध नाही) मिडियम वेव्हची वर जाणारी लाट गिळून टाकतो, त्यामुळे फक्त जमिनीलगतची लाट उरते. सूर्य मावळला की तो थर विरतो, लाट त्याच्या वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब उतरते आणि त्याच फ्रिक्वेन्सीवरच्या दुसऱ्या केंद्रात घुसते. नागपुरात दिवसा मिडियम वेव्हवर मोजकीच केंद्रं लागतात आणि रात्री सुई फिरवली की गर्दी होते, ते यामुळेच. म्हणून छोट्यांना संध्याकाळी गप्प बसवायचे. बंद करायची वेळ परवान्यातच महिन्यागणिक, पाव तासाच्या पटीत छापलेली असे. तुमचे पावणेपाच आणि साडेसात तिथूनच आले.

याचा कार्यक्रमांवर काय परिणाम झाला, ते अंकात नक्की लिहा. हिवाळ्यात रविवार संध्याकाळची उपासना थेट जाऊच शकत नव्हती. सकाळची जायची, बहुतेक ठिकाणी चर्चपासून स्टुडिओपर्यंत भाड्याने घेतलेल्या टेलिफोन लाइनवरून. साधी लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच नेते, त्यामुळे प्रवचन स्वच्छ आणि ऑर्गनचा खर्ज गायब!

आता जमिनीखालची गोष्ट, जी बहुतेक लेखांत सुटते. १४६० किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे २०५ मीटर, म्हणजे पाव लांबीचा टॉवर ५१ मीटरचा. हा नुसता अँटेना लावायचा खांब नाही, अख्खा टॉवरच अँटेना असतो. तळाशी चिनी मातीचा इन्सुलेटर आणि भोवती कुंपण, कारण हात लागला तर भाजतं. टॉवरच्या पायथ्यापासून चहूकडे तांब्याच्या १२० तारा वीतभर खोल पुरायच्या, प्रत्येक साधारण टॉवरइतकीच लांब. हिशेब करा, सहा किलोमीटर तार. ती कुजली, नांगराने तुटली किंवा चोरीला गेली की ट्रान्समीटरचं मीटर फारसं काही दाखवत नाही, पण गावाच्या वेशीबाहेर आवाज पडतो. जुन्या पत्रव्यवहारात 'पलीकडच्या गावात ऐकू येत नाही' अशा तक्रारी दिसल्या तर आधी तारांचा संशय घ्या. जमिनीचाही हात असतो. आपल्याकडच्या ओल धरणाऱ्या काळ्या मातीत ही लाट लांब जाते, खडकाळ मुरमात लवकर मरते.

कागदपत्रवाला
सदरवाला भाऊ, तीन वर्षं म्हणजे बहुधा तीन वेगळ्या घटना. पहिली सी.पी., म्हणजे बांधकामाची परवानगी. दुसरी प्रत्यक्ष प्रसारण सुरू झालं ती. तिसरी मोजमापं तपासून मिळालेला पक्का परवाना. वर्धापनदिन केंद्रवाले दुसरीवरून मोजतात, सरकारी नोंद पहिलीपासून सुरू होते. लेखात तिन्ही द्या, पण 'स्थापना' दुसरीलाच म्हणा.

पडताळणीसाठी एफसीसीची, म्हणजे प्रसारणाचे परवाने देणाऱ्या अमेरिकी सरकारी आयोगाची, 'हिस्ट्री कार्डं' बघा. १९२७ ते १९८१ पर्यंतच्या या कार्डांवर मालक, पॉवर, टॉवर, फ्रिक्वेन्सी यांतला प्रत्येक बदल तारखेसह टिपलेला असतो आणि ती स्कॅन करून ठेवलेली आहेत. जोडीला १९३५पासून निघालेलं 'ब्रॉडकास्टिंग इयरबुक'. मात्र त्यातली माहिती आदल्या वर्षी गोळा केलेली असते, म्हणून १९६२च्या अंकातला मालक १९६२ सालीही मालक होता असं गृहीत धरू नका.

दुसरा खड्डा नावांचा. केंद्र विकलं की कॉल लेटर्स, म्हणजे केंद्राची अधिकृत नावाची अक्षरं, बऱ्याचदा बदलतात आणि जुनी अक्षरं पुढे दुसऱ्याच गावाला मिळू शकतात. एफसीसीने केंद्राला दिलेला फॅसिलिटी आयडी क्रमांक मात्र बदलत नाही, शोध त्यावरून घ्या. अक्षरांचा अर्थ लागला तर मालक कळतो: शिकागोचं डब्ल्यू-एम-बी-आय (१९२६) हे मूडी बायबल इन्स्टिट्यूटचं. पण प्रत्येक वेळी लागेलच असं नाही, ओढूनताणून लावू नका.

आणि 'ख्रिस्ती केंद्र' म्हणजे चर्चच्या मालकीचं, हे समीकरण मनातून काढा. पुष्कळ एएम (मिडियम वेव्हवरची) केंद्रं खासगी धंदा होती, १५ किंवा ३० मिनिटांचा वेळ प्रवचनकारांना विकायची. कार्यक्रम टपालाने टेपवर यायचे. सात इंची रिळावर १२०० फूट टेप, सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ३२ मिनिटं चालते, म्हणजे अर्ध्या तासाचा कार्यक्रम एका बाजूत बरोबर बसतो. टेप वाचणाऱ्या हेडचा कोन जरा सरकला की आवाज पांघरुणातून आल्यासारखा. त्यामुळे हिशेबाच्या वहीत 'टाइम सेल्स' दिसलं तर ती देणगी नाही, विक्री आहे.

सदरवाला (नागपूर)
धन्यवाद, वहीत 'टाइम सेल्स' आहेच! पुढच्या नोंदींत हेच केंद्र ८९ मेगाहर्ट्झच्या आसपास दिसतं. आणि आपल्याकडे असं केंद्र का झालं नाही, यावरही एक चौकट टाकायची आहे.

लघुलहरी
८९ म्हणजे एफएम. तिथे ८८ ते ९२ हा पट्टा १९४५पासून बिगर-व्यावसायिक, शैक्षणिक वापरासाठी राखीव. सूर्यास्ताची अडचण संपली, पण जाहिराती बंद आणि भिस्त देणग्यांवर. म्हणजे तुमच्या वहीतली जमेची बाजूच तिथून बदलली असणार, ते पान शोधा. २०००मध्ये लो-पॉवर (कमी ताकदीचं) एफएम आलं: कमाल १०० वॅट, ३० मीटर उंचीच्या अँटेनावरून पल्ला सुमारे ५.६ किलोमीटर. नागपूरच्या झिरो माइलवर लावलं तर सोनेगाव विमानतळाच्या अलीकडेच हद्द संपेल, इतकंच.

आपल्याकडे प्रसारण सरकारच्याच हातात होतं. प्रसारणाच्या रेडिओलहरी (एअरवेव्ह्ज) ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९५चा. त्यानंतर खासगी एफएम आलं, पण धार्मिक संस्था त्या परवान्याला अपात्र. म्हणून ख्रिस्ती प्रसारण भारतात यायचं ते बाहेरून. फेबा या ख्रिस्ती प्रसारण संस्थेचं सेशेल्स बेटांवरचं लघुलहरी (शॉर्टवेव्ह) केंद्र १९७० ते २००३ चाललं, त्याचे अँटेना चक्क समुद्रात, प्रवाळाच्या खडकावर उभे होते. ट्रान्स वर्ल्ड रेडिओ या दुसऱ्या ख्रिस्ती संस्थेचं केंद्र श्रीलंकेत पुत्तलमला ८८२ किलोहर्ट्झवर ४०० किलोवॅट.

एक छोटी खूण: आपल्या भागातल्या मिडियम वेव्हच्या फ्रिक्वेन्सीला ९ने भाग जातो (८८२, नागपूर आकाशवाणीची ५८५), अमेरिकेतल्या १०च्या पटीत. झेरॉक्समध्ये अंक पुसट असेल तर यावरून ताडून बघा.

सामुदायिक रेडिओ २००६पासून नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना खुला झाला. संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी, पॉवर साधारण १०० वॅट, टॉवर ३० मीटरपर्यंत, निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक. मंगळूरचं रेडिओ सारंग हे जेझुइटांच्या (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाच्या) सेंट अलॉयशियस या शिक्षणसंस्थेचं, पण ते धर्मप्रसाराचं नाही, स्थानिक लोकांचं आहे. चौकटीत त्याला 'ख्रिस्ती रेडिओ' म्हणू नका.